गटकर्जाचा हप्ता नेमका कुठून येतो? मायक्रोफायनान्सची वाढ आणि तिच्यातल्या अडचणी

मायक्रोफायनान्सचं, म्हणजे गरीब घरांना दिलेल्या छोट्या विनातारण कर्जांचं, कौतुक करताना परतफेडीचा आकडा हमखास पुढे केला जातो. तारण नाही, पगाराची पावती नाही, जामीन म्हणून फक्त शेजारपाजारच्या चारपाच बायका, आणि तरीही चांगल्या वर्षांत शंभरातले ९८-९९ रुपये वेळेवर परत येतात. कौतुक रास्तच आहे. पण कर्ज घेणाऱ्या घराच्या दृष्टीनं जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती या आकड्यातून कळत नाही: हप्त्याचे पैसे आले कुठून? शिलाई मशिनच्या कमाईतून, नवऱ्याच्या मजुरीतून, की दुसऱ्या कंपनीकडून उचललेल्या कर्जातून? कंपनीच्या वहीत तिन्ही हप्ते सारखेच दिसतात. घरात मात्र पहिल्यानं संसाराला हातभार लागतो, दुसऱ्यानं पोटाला चिमटा बसतो आणि तिसऱ्यानं देणं वाढत जातं. हे क्षेत्र इतकं वाढलं कसं आणि दर काही वर्षांनी अडचणीत का येतं, दोन्हींचं उत्तर या एका प्रश्नाशी जाऊन भिडतं.

तारणाच्या जागी माणसं

गरिबाला कर्ज मिळतच नव्हतं, असं कधीच नव्हतं. सावकार होता आणि आहे. शेकडा तीन ते पाच रुपये महिना, म्हणजे वर्षाला ३६ ते ६० टक्के, हा त्याचा दर आजही गावोगाव ऐकू येतो. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदाही झाला. तरी सावकारी टिकली, कारण पेरणीच्या तोंडावर चार दिवसांत पैसे देणारं दुसरं कुणी नव्हतं. बायकांनी आपल्यापुरता मार्ग काढला होता तो भिशीचा. पण भिशीत आपलीच रक्कम आपल्याला मिळते, तीही पाळी येईल तेव्हा.

बँका या गिऱ्हाइकाकडे वळत नव्हत्या, त्यामागे साधं गणित होतं. कर्ज ४० हजारांचं असो की ४ लाखांचं, कागद करणं, घरी जाऊन बघणं, दर महिन्याला वसूल करणं, या कामाला साधारण तितकाच वेळ लागतो. समजा, त्याचा वर्षाचा खर्च २,००० रुपये धरला. ४ लाखांच्या कर्जावर तो अर्धा टक्का होतो, ४० हजारांवर ५ टक्के. त्यात तारण नाही. म्हणजे बुडालं तर जप्त करायला काही नाही.

बांगलादेशातल्या चटगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये शेजारच्या जोब्रा गावात पाहिलं, की बांबूची आसनं विणणाऱ्या बायका बांबूसाठी व्यापाऱ्याकडून उसने घेतात आणि त्या बदल्यात तयार माल त्यालाच, तो म्हणेल त्या भावात देतात. अशा ४२ जणांचं सगळं देणं मिळून ८५६ टका निघालं, म्हणजे त्या वेळचे २७ डॉलरही नाहीत. युनूस यांनी ते स्वतः दिलं. १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये युनूस आणि बँक दोघांना मिळून शांततेचं नोबेल मिळालं. तारणाच्या जागी ओळख आणली, ही त्यांच्या पद्धतीतली खरी युक्ती. पाच जणींचा गट. एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्यांचं पुढचं कर्ज अडतं. कोण कष्टाळू, कोणाचा नवरा पैसे उडवतो, कोण पुढच्या महिन्यात माहेरी निघून जाणार, ही माहिती बँकेकडे नसते, शेजारणींकडे असते. ती माहिती फुकटात कामाला लागली.

भारतात मात्र एकाऐवजी दोन वाटा तयार झाल्या, आणि आपल्याकडे लोक त्या सर्रास एक समजतात. पहिली वाट बचत गटाची. १९७४ साली अहमदाबादेत इला भट्ट यांच्या पुढाकारानं सेवा बँक निघाली, ऐंशीच्या दशकात कर्नाटकात मायराडासारख्या संस्थांनी गट बांधले आणि १९९२ मध्ये नाबार्डनं ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग केला. आज बँकेत खातं असलेल्या गटांची संख्या एक कोटीच्या कितीतरी पुढे आहे. महाराष्ट्रात १९७५ पासूनचं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, आणि २०११ पासूनचं उमेद अभियान हे काम करतं. दुसरी वाट कंपन्यांची. तिला कागदावर संयुक्त दायित्व गट म्हणतात, बोलण्यात 'ग्रुप लोन'. बचत गटात आधी स्वतःची बचत आणि मग कर्ज. ग्रुप लोनमध्ये बचतीचा संबंधच नाही, कारण या कंपन्यांना लोकांकडून ठेवी घेता येत नाहीत. पुढचा बराचसा मजकूर या दुसऱ्या वाटेबद्दल आहे, कारण वाढही तिथेच झाली आणि पडझडही.

कर्ज दारापर्यंत कसं येतं

कंपनी आधी गावाचा अंदाज घेते: किती घरं, कामधंदा काय, शाखेपासून अंतर किती, आधी कुणी कर्ज बुडवलंय का. मग फील्ड ऑफिसर, ज्याला वस्तीवर सगळे 'सर' किंवा 'साहेब' म्हणतात, चारपाच जणींचे गट जमवतो. असे काही गट मिळून एक सेंटर होतं. दोनतीन दिवस तासाभराचं प्रशिक्षण होतं: हप्ता किती, केव्हा, गटाची जबाबदारी म्हणजे काय. त्यानंतर शाखेतला वरचा माणूस येऊन प्रश्न विचारतो, घर बघतो. आधार आणि मतदार ओळखपत्राच्या आधारे क्रेडिट ब्युरोत, म्हणजे सगळ्यांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेत, तपासणी होते, की या बाईच्या नावावर आधीची किती कर्जं आहेत. मंजुरीनंतर रक्कम थेट बँक खात्यात येते.

त्यानंतर ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एकीच्या ओसरीवर किंवा समाजमंदिरात सेंटर मीटिंग. पूर्वी ती आठवड्याला असे, आता पंधरा दिवसांनी किंवा महिन्याला असते. सतरंजीवर गटवार रांगा, पहिल्या रांगेत सेंटर लीडर, पैसे आधी गटाच्या प्रमुख बाईकडे गोळा होतात, मोजून साहेबांकडे जातात आणि प्रत्येकीच्या कार्डावर सही होते. ती सही आणि पावती घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही. पैसे घेतले पण नोंद केली नाही, असे प्रकार या धंद्यात होतात आणि ते उघड होतात तेव्हा तो कर्मचारी नोकरी सोडून गेलेला असतो. हातात पावती नसलेली बाई मग एकटी पडते.

पहिलं कर्ज साधारण ३०-४० हजारांचं, मुदत वर्ष ते दोन वर्षं. नीट फेडलं की पुढचं मोठं. या 'पुढच्या' कर्जावर सगळी यंत्रणा उभी आहे.

व्याजाचं गणित

'आमचा दर फक्त १२ टक्के' असं तोंडी सांगितलं जातं तेव्हा विचारायचं: सरळ की घटत्या शिलकीवर? समजा, ४०,००० रुपये एका वर्षासाठी, १२ टक्के सरळ दरानं घेतले. व्याज ४,८००, एकूण ४४,८००, महिन्याचा हप्ता सुमारे ३,७३३. पण दर महिन्याला मुद्दलही फिटत जातं. सहाव्या महिन्यानंतर आपल्याकडे निम्मीच रक्कम उरलेली असते, व्याज मात्र पूर्ण ४० हजारांवर लावलेलं असतं. त्यामुळे घटत्या शिलकीच्या हिशोबानं हाच दर साधारण २१.५ टक्के निघतो.

आता कपात धरू. प्रक्रिया शुल्क दीड टक्का म्हणजे ६०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १०८ रुपये, आणि विम्याचे समजा १,००० रुपये. खात्यात जमा होतात ३८,२९२. हप्ता तोच ३,७३३. खरा खर्च वर्षाला ३० टक्क्यांच्या आसपास जाऊन पोहोचतो. सांगितलेला दर १२, पडलेला ३०. म्हणून दर विचारण्यापेक्षा तीन आकडे विचारणं अधिक शहाणपणाचं: हातात किती पडणार, हप्ता किती, एकूण हप्ते किती. हप्त्याला संख्येनं गुणायचं आणि हातात पडलेली रक्कम वजा करायची, की कर्ज एकूण किती रुपयांना पडलं ते कळतं. वर्षाच्या कर्जाची वर्षाच्याच आणि दोन वर्षांच्या कर्जाची दोन वर्षांच्याच कर्जाशी तुलना करायची, एवढं पथ्य पाळलं तर याला कॅल्क्युलेटरपेक्षा जास्त काही लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं आता कंपनीला हे सगळं, वार्षिक एकत्रित दरासह, एका माहितीपत्रकावर द्यावं लागतं. ते मागून घ्यावं.

मग हा दर लूट आहे का? सरसकट तसं म्हणता येत नाही. कंपनी स्वतः बँकांकडून साधारण ११-१३ टक्क्यांनी पैसे आणते. गावोगाव फिरणाऱ्या माणसांचा पगार, पेट्रोल, शाखेचं भाडं यात आणखी पाचसात टक्के जातात. बुडीत कर्जाचे दोनतीन टक्के धरले की विशीच्या खाली कर्ज देणं अवघड जातं. मात्र २४-२५ च्या पुढे दर गेला की त्यात कंपनीची अकार्यक्षमता किती आणि नफ्याची हाव किती, हे विचारायलाच हवं. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं चार वित्त कंपन्यांना, ज्यांत दोन मायक्रोफायनान्स कंपन्या होत्या, नवी कर्जं देण्यापासून काही काळ रोखलं होतं ते याच अवाजवी दराच्या कारणावरून.

शेळी वर्षानं कमावते, हप्ता पुढच्या महिन्यात

व्याजापेक्षाही जास्त घरं अडकतात ती वेळापत्रकात, आणि याची चर्चा फार कमी होते. शेळीपालनाचं उदाहरण घेऊ, कारण कर्जाच्या अर्जावर 'कारण' या रकान्यात ते सर्रास लिहिलं जातं. ४०,००० रुपये, २४ टक्के घटत्या दरानं, दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २,११५ रुपये. त्यातून तीनचार शेळ्या घेतल्या. शेळीचा गाभणकाळ साधारण पाच महिन्यांचा. करडू विकण्याजोगं व्हायला आणखी सातआठ महिने. म्हणजे पहिला पैसा हातात यायला वर्ष उलटतं, आणि तोवर २५ हजारांहून अधिक रुपये हप्त्यात भरून झालेले असतात. गाभण शेळ्याच विकत घेतल्या तरी पहिले सातआठ महिने कोरडेच. ते हप्ते शेळीनं भरले नाहीत हे उघड आहे. मजुरीनं भरले, किंवा दुसऱ्या कर्जानं. मधल्या काळात एखादी शेळी रोगानं दगावली की सगळा हिशोब कोसळतो. पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस वेळेवर टोचणं हे इथे कर्जफेडीचंच काम ठरतं.

दुभत्या गाईचं तसं नसतं. डेअरीकडून दर दहा दिवसांनी दुधाचा पगार येतो, त्यातून हप्ता वेगळा काढता येतो. भाजीची हातगाडी, चहाचं दुकान, शिलाई, पिठाची गिरणी यांचीही रोजची आवक असल्यामुळे ते या कर्जाशी जुळतात. पिकाचं मात्र मुळीच जुळत नाही. सोयाबीन जून-जुलैत पेरायचं आणि विकायचं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मध्ये शाळेच्या फिया, श्रावणातले सण, फवारणी. या चार महिन्यांत मासिक हप्ता म्हणजे शुद्ध उसनवारी. बीड आणि आसपासच्या ऊसतोड मजुरांचं आणखी वेगळं. मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास आख्खं घर कारखान्याला जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. सेंटर मीटिंग गावात आणि कर्जदार फडात. मागे राहिलेल्या बायकांवर तिच्या हप्त्याचा भार पडतो.

वेळापत्रक बदललं तर काय होतं, हे कोलकात्यात एका अभ्यासात तपासलं गेलं. काही बायकांना नेहमीसारखा दोन आठवड्यांत पहिला हप्ता, तर काहींना दोन महिन्यांची सवलत. सवलत मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि पुढे जाऊन त्यांचा नफाही वाढला. पण थकबाकीही त्यांच्यातच वाढली. कारण सवलत मिळाली की माणूस जरा मोठी उडी घेतो, आणि सगळ्याच उड्या साधत नाहीत. कंपन्यांना दुसरा भाग जास्त दिसतो, म्हणून लगेच हप्ता सुरू करण्याची पद्धत बदलत नाही. आमच्या मते निदान शेती आणि जनावरांच्या कर्जाला तरी सवलतीचा काळ असायलाच हवा. थोडा वाढीव धोका कंपनीनं पत्करावा, कारण आज तो सगळा बाईच्या डोक्यावर आहे.

२०१० : आंध्र

या क्षेत्राची नाडी कळायला आंध्र प्रदेशाचं प्रकरण नीट समजून घ्यावं लागतं. तिथे सरकारी पाठबळावर बचत गटांचं दाट जाळं आधीच होतं. कंपन्यांना तयार गट मिळाले आणि एकाच वस्तीत पाचपाच, सहासहा कंपन्या कर्ज देऊ लागल्या. २००६ मध्ये कृष्णा जिल्ह्यात पहिली ठिणगी पडली होती, ती कुणी फारशी मनावर घेतली नाही. ऑगस्ट २०१० मध्ये एसकेएस मायक्रोफायनान्सचे समभाग बाजारात आले आणि गुंतवणूकदारांची झुंबड उडाली. दोन महिन्यांनी, कर्जदारांच्या आत्महत्या आणि वसुलीतल्या जाचाच्या बातम्यांनंतर, १५ ऑक्टोबरला राज्य सरकारनं अध्यादेश काढला: जिल्ह्यात नोंदणी सक्तीची, दारात जाऊन वसुली बंद, आठवड्याचा हप्ता बंद.

परतफेड जवळपास थांबलीच. काही महिन्यांपूर्वी ९९ टक्क्यांवर असलेला आकडा एवढा कसा कोसळला? बायका अचानक बेईमान झाल्या नव्हत्या. कंपन्यांनी नवं कर्ज देणं थांबवलं, आणि हप्ता भरण्याचं मुख्य कारण पुढचं कर्ज हेच होतं. शिवाय ज्या एकाचं उचलून दुसऱ्याचं भरत होत्या, त्यांच्याकडे भरायला पैसेच उरले नाहीत. वर्षानुवर्षांच्या त्या चकचकीत परतफेडीत किती हप्ते कर्जातून भरलेले होते, ते नळ बंद झाल्यावरच कळलं. बोलिव्हियात १९९९ च्या सुमारास आणि निकाराग्वात २००८ नंतर जवळपास हेच घडलं होतं: शहरात-गावात कर्जाची गर्दी, मग 'भरणार नाही' ही चळवळ.

त्यानंतर य. ह. मालेगाम समितीनं जानेवारी २०११ मध्ये अहवाल दिला, आणि रिझर्व्ह बँकेनं या कंपन्यांसाठी स्वतंत्र वर्ग केला, व्याजावर आणि कंपनी ज्या दरानं पैसे आणते व ज्या दरानं देते त्यांतल्या फरकावर मर्यादा घातली, एका बाईला दोनपेक्षा जास्त कंपन्यांनी कर्ज देऊ नये असं ठरवलं. क्षेत्र सावरलं, वाढलं. बंधन ही मायक्रोफायनान्स कंपनी २०१५ मध्ये पूर्ण बँक झाली आणि त्याच वर्षी लघु वित्त बँकांसाठी निवडलेल्या दहांपैकी आठ जण मुळात मायक्रोफायनान्सवालेच होते.

नोटाबंदीत, नोव्हेंबर २०१६ नंतर, रोकड नव्हती म्हणून हप्ते अडले. विदर्भात त्यावर कर्जमाफीच्या अफवा उठल्या, स्थानिक पुढाऱ्यांनी त्यांना हवा दिली, आणि ज्यांनी हप्ते बंद केले त्यांची नावं क्रेडिट ब्युरोत काळी झाली. पुढे घरासाठी, गाडीसाठी कर्ज मागताना ते आडवं आलं. कोविडमध्ये मार्च ते ऑगस्ट २०२० अशी हप्त्यांना स्थगिती होती. स्थगिती म्हणजे माफी, असं असंख्य घरांना वाटलं. प्रत्यक्षात त्या काळाचं व्याज चढतच होतं.

आताचे नियम, आणि त्यांतली फट

१ एप्रिल २०२२ पासून नवी चौकट आहे. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स, मग ते कंपनीनं दिलेलं असो की बँकेनं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. व्याजावरची कमाल मर्यादा मात्र काढून टाकली.

निम्म्याचा नियम कागदावर उत्तम आहे. महिन्याला १५,००० कमावणाऱ्या घराला ७,५०० पर्यंत हप्ते. २,११५ च्या तीन कर्जांचे ६,३४५ होतात, चौथं घेतलं की ८,४६० आणि मर्यादा ओलांडली. पण ते १५,००० आले कुठून? मजुरीची पावती नसते, पिकाचं उत्पन्न वर्षागणिक बदलतं. साहेब विचारतात, बाई अंदाज सांगते, आणि महिन्याचं कर्जवाटपाचं लक्ष्य गाठायचं असलं की तो अंदाज फॉर्मवर सोयीनं फुगतो. सावकाराचे, किराणा दुकानाचे, नातलगाचे पैसे ब्युरोत दिसत नाहीत. शिवाय 'नाव तुझं, पैसे मी घेते, हप्ता मीच भरीन' हा प्रकार. आपल्या नावावरची मर्यादा संपलेली बाई शेजारणीच्या नावावर कर्ज उचलते. ती अडली की नोटीस येते नावाच्या मालकिणीला, आणि कार्डावर तिचीच सही असते. मैत्रीखातर, आणि कधी पाचशे-हजार रुपयांसाठी, केलेली ही सही पुढे पाच वर्षं पुरते. नाव देऊ नये. नात्यातलीला तर नाहीच नाही, कारण तिथे मागताही येत नाही.

मार्च २०२४ पर्यंत देशातली अशी कर्जं ४ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली होती. मग थकबाकी वाढू लागली आणि कंपन्यांच्या संघटनेनं स्वतःच लगाम घातले: एका बाईवर एकूण २ लाखांची मर्यादा आणि, एप्रिल २०२५ पासून, तीनपेक्षा जास्त कंपन्यांचं कर्ज नाही. चौथं कर्ज मिळेनासं झालं आणि ज्यांचे हप्ते त्यातून जात होते, त्या अडल्या. लगाम योग्यच होता, फक्त फार उशिरा आला. कर्नाटकानं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाचक वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला.

गरिबी हटते का?

अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो या अर्थतज्ज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी २००५ पासून हैदराबादेतल्या १०४ वस्त्यांमध्ये हे तपासलं. निम्म्या वस्त्यांत कंपनीची शाखा आधी उघडली, निम्म्यांत नंतर. कर्ज मिळालेल्या भागात धंद्यात गुंतवणूक वाढली, आधीपासून धंदा असलेल्यांना फायदा झाला, पण सरासरी घराचा एकूण खर्च, आरोग्य, मुलांचं शिक्षण, बाईचा घरातला शब्द यांत ठोस फरक दिसला नाही. २०१५ मध्ये भारत, मोरोक्को, मेक्सिको, मंगोलिया, इथिओपिया, बोस्निया अशा सहा देशांचे अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले आणि सूर साधारण तोच निघाला. म्हणजे हे कर्ज धंदा वाढवू शकतं, आजारपणात घर सावरू शकतं, सावकाराला पर्याय देऊ शकतं. धंदाच नसेल तिथे तो निर्माण मात्र करत नाही.

बचत गटाची वाट या बाबतीत अधिक सावध आहे. १२ जणींनी महिन्याला २०० रुपये टाकले तर वर्षात २८,८०० जमतात. गट आपसांत महिना शेकडा दोनच्या दरानं कर्ज देतो, ते व्याज गटाकडेच राहतं. सहा महिने नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब या पाच सूत्रांवर गट चालला, की तो बँकेकडे जाऊ शकतो. उमेद अभियानात असलेल्या गटाला पहिल्या खेपेला जमलेल्या निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख रुपये मिळू शकतात, आणि ३ लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याज सवलतीमुळे ७ टक्क्यांच्या आसपास पडतं. मग बायका २४ टक्क्यांचं का घेतात? कारण बँकेत शाखाधिकारी बदलला की फाईल पडून राहते, गटाचं पुस्तक लिहायला कुणी नसतं, आणि कंपनीचा माणूस दारात येतो आणि आठवड्याभरात रक्कम खात्यात पडते. साताऱ्यातल्या म्हसवडला १९९७ मध्ये चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली माणदेशी महिला सहकारी बँक दाखवते, की बायकांच्याच मालकीची संस्था दारापर्यंत सेवा देऊ शकते. अशा संस्था फार थोड्या आहेत, हीच खरी उणीव आहे.

सही करण्याआधी आणि हप्ता अडल्यावर

सही करण्याआधी एक कागद घ्यावा आणि त्यावर वर्षातले बारा महिने लिहून प्रत्येकासमोर हप्ता कशातून भरणार ते लिहावं. तीन महिन्यांहून जास्त रकाने रिकामे राहिले, तर रक्कम कमी करावी किंवा मुदत वाढवून हप्ता लहान करावा. कर्ज मिळवून देण्याबद्दल सेंटर लीडरला किंवा एजंटाला कमिशन द्यायचं नाही. सोबत मिक्सर, मोबाईल, सोलर दिवा गळ्यात मारत असतील तर नाही म्हणता येतं. अशी वस्तू घेण्याची सक्ती करता येत नाही. विमा घेतला असेल तर कोणाकोणाचा आहे, वारस म्हणून कोणाचं नाव आहे, हे कार्डावर बघून ठेवावं, कारण घरातला कर्ता गेल्यावर हप्ते मागायला येणाऱ्याला तेच दाखवायचं असतं. क्रेडिट ब्युरोचा पूर्ण अहवाल प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. आपल्या नावावर न घेतलेलं कर्ज आहे का, ते त्यातूनच कळतं.

हप्ता अडणार असं दिसलं की तो चुकण्याआधी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा: कारण, किती भरू शकतो, केव्हापासून. पोचेची सही घ्यावी. दंड लागला तर तो फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर लावता येत नाही. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. वसुलीची जागा दोघांनी ठरवलेली असते. तिथे बाई लागोपाठ दोन वेळा आली नाही, तरच कर्मचाऱ्यानं घरी किंवा कामावर यायचं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर संपर्क करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातलगांना त्रास, थकबाकीदार म्हणून नाव जाहीर करणं, याला मनाई आहे. आणि हप्ता थकणं हा फौजदारी गुन्हा नाही. 'पोलिसांत देतो' ही धमकी बायका घाबरतात म्हणूनच दिली जाते.

असं काही झालं तर तारीख, वेळ, माणसाचं नाव आणि बोललेले शब्द वहीत त्याच दिवशी टिपून ठेवावेत. पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार क्रमांकावर, जो कर्जाच्या कार्डावर छापलेला असतो. तक्रारीचा नंबर लिहून घ्यावा. कंपन्यांच्या संघटनांचीही तक्रार व्यवस्था आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यासाठीचा माहितीचा फोन क्रमांक १४४४८ आहे. अर्जासोबत कार्डाची, माहितीपत्रकाची आणि पावत्यांची झेरॉक्स जोडावी.